राधाबाई पेशवे

राधाबाई बाळाजी भट : (मृत्यू २० मार्च १७५३, पुणे). भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या पत्नी, थोरले बाजीराव व चिमाजी अप्पा यांच्या मातोश्री, नानासाहेब पेशव्यांच्या आजी. माहेर मूळच्या कोकणातील नेवऱ्याच्या बर्वे घराण्यात. पती, पुत्र आणि नातू अशा तीन पिढ्यांची पेशवाई त्यांनी पाहिली. मीरा-भाईंदर परिसराशी त्यांचा संबंध येतो तो चिमाजी अप्पांमुळे. वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) उत्तन, डोंगरी, चौक या गावांच्या धारावी बेटावरील किल्ला पोर्तुगिजांकडून घेण्यात आला. ती मोहीम राधाबाईंच्या धाकट्या मुलाच्या नेतृत्वाखालची होती.

सासर श्रीवर्धनचे. भटांकडे तिथली देशमुखी होती. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथांना कोकण सोडून घाटावर यावे लागले. पुढे ते पुणे प्रांताचे सरसुभेदार झाले, त्या काळात १८ ऑगस्ट १७०० रोजी बाजीरावांचा जन्म झाला. तो सिन्नरजवळच्या डुबेऱ्यात, बर्व्यांच्या वाड्यात, म्हणजे राधाबाईंच्या माहेरीच झाला. त्यानंतरची वर्षे स्वस्थतेची नव्हती. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतल्यावर मराठ्यांमध्ये दुफळी माजली. बाळाजींनी शाहूंचा पक्ष धरला आणि त्याची झळ घरालाही लागली. हिंगणगावच्या दमाजी थोराताने बेलभंडारा उचलून शपथ घेतली, बोलणी करण्याच्या मिषाने बाळाजींना बोलावून घेतले आणि कुटुंबासह कैद केले. बाळाजींचे सहकारी अंबाजीपंत पुरंदरे आणि त्यांचे कुटुंबही त्याच कैदेत होते. खंडणी भरून सर्वांची सुटका झाली. पेशव्यांच्या घरातील बायकांचे जीवन म्हटले की डोळ्यांसमोर शनिवारवाडा येतो. राधाबाईंच्या आयुष्याचा पहिला अर्धा भाग मात्र स्थलांतरात, कर्जात आणि अशा संकटांत गेला. १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले तेव्हा कुठे घराला स्थैर्य आले. एप्रिल १७२० मध्ये सासवडला बाळाजींचे निधन झाले. त्याच महिन्यात एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि राधाबाई विधवा वडीलधाऱ्या म्हणून घराच्या केंद्रस्थानी आल्या.

लेकी, सुना आणि व्याही. पेशव्यांच्या उदयाची चर्चा बहुधा लढायांच्या अंगाने होते. पण नव्याने वर आलेल्या या घराण्याला पैसा आणि माणसे कुठून मिळाली, हे त्याच्या सोयरिकी पाहिल्याखेरीज उमगत नाही. बाजीरावांची पत्नी काशीबाई या चासच्या महादजी कृष्ण जोशी या सावकाराच्या कन्या. थोरली लेक भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशींना दिली. तेही सावकार घराणेच. धाकटी लेक अनुबाई हिचे लग्न इचलकरंजीचे व्यंकटराव नारायण घोरपडे यांच्याशी झाले. व्यंकटरावांचे वडील नारो महादेव हे सेनापती संताजी घोरपडे यांच्या आश्रयाने पुढे आलेले. कृतज्ञता म्हणून त्यांनी घोरपडे हे आडनाव घेतले होते. चिमाजी अप्पांची पहिली पत्नी रखमाबाई ही पेठ्यांची, त्र्यंबकराव मामा पेठे यांची बहीण. ‘मामा’ हे संबोधन त्यांना चिकटले ते सदाशिवरावभाऊंच्या नात्याने. १७३० मध्ये सदाशिवराव तान्हे असतानाच रखमाबाई वारल्या आणि त्या नातवाला राधाबाईंनी वाढवले. पानिपतावर सेनापतित्व करणारा भाऊ हा असा आजीच्या हातचा.

त्याच काळात इंग्लंडमध्ये मार्लबरोची डचेस सारा चर्चिल (१६६०–१७४४) हिने आपल्या चार मुली गोडॉल्फिन, संडरलंड, ब्रिजवॉटर आणि माँटेग्यू या उमराव घराण्यांत देऊन राजकीय वजन बांधले होते. साराचा दरबारात उघड वावर होता, राणी ॲनशी मैत्री होती, पुढे वैरही झाले. तिने स्वतःच्या वर्तनाचे समर्थन करणारे पुस्तक छापून घेतले. राधाबाईंनी आपल्याविषयी असे काही लिहून ठेवले नाही. त्या दिसतात त्या इतरांच्या पत्रांतून, ‘मातोश्री’ म्हणून. त्यामुळे त्यांचे महत्त्व कमी ठरत नाही, शोध मात्र अधिक बारकाईने घ्यावा लागतो.

काशीयात्रा (१७३५–३६). राधाबाईंच्या चरित्रातील सर्वांत नीट नोंदला गेलेला प्रसंग. १४ फेब्रुवारी १७३५ रोजी त्या पुण्याहून निघाल्या आणि १ जून १७३६ रोजी परतल्या. जावई आबाजी नाईक बरोबर होते. बऱ्हाणपूरवरून त्या मे महिन्यात उदयपूरला पोहोचल्या. तिथे राणा जगतसिंहाने त्यांचा सन्मान केला. जयपूरला सवाई जयसिंहाकडे त्यांचा मुक्काम बराच लांबला. पुढे मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र, प्रयाग करून ऑक्टोबरमध्ये त्या काशीला आल्या आणि तिथून गयेला गेल्या. बुंदेलखंडात ज्या मुहम्मदखान बंगशाशी बाजीरावांनी १७२९ मध्ये लढाई केली होती, त्यानेही वाटेत संरक्षणाची व्यवस्था केली.

यात्रा धर्माचीच होती. राधाबाईंच्या श्रद्धेला राजकारणाचा मुलामा मानणे अन्यायाचे ठरेल. पण वाटेवरच्या प्रत्येक दरबाराला पाहुणी कोणाची आई आहे हे ठाऊक होते. माळव्यातील मराठ्यांचा अंमल बादशहाने अजून मान्य केलेला नव्हता. अशा वेळी पेशव्यांच्या मातोश्री मोगली मुलुखातून निर्धास्त जाऊन आल्या. १७३६ च्या आरंभी बाजीराव स्वतः उदयपूरला गेले आणि नंतर जयसिंहाला भेटले, तेव्हा त्या दरबारांशी घरोबा आधीच झालेला होता. या यात्रेची फळे बाजीरावांच्या खात्यावर मांडली जातात. त्यांतला वाटा राधाबाईंच्या नावे लिहायला हवा.

आई उत्तरेत असतानाच, एप्रिल १७३६ मध्ये, चिमाजी अप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात याला ठार केले. ज्या सिद्दीमुळे श्रीवर्धनचे घर सुटले, त्याच्या सत्तेवर बसलेला हा मोठा घाव होता.

वसईची मोहीम आणि धारावी. धारावी हे नाव आज मुंबईतल्या वस्तीमुळे सर्वतोमुखी आहे. इथे अभिप्रेत आहे ती भाईंदरच्या पश्चिमेची धारावी, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरची. तारोडीचे धारावी देवीचे मंदिर याच भागात आहे. इथल्या टेकडीवरून समोर वसईचा कोट आणि खाडीचे मुख दोन्ही नजरेत येतात. खाडीतून वसईला जाणारी रसद अडवायची तर ही टेकडी हाती हवी, हे दोन्ही बाजूंना कळत होते. म्हणून १७३७ पासून तिच्यासाठी झगडा चालला. मराठ्यांनी इथे तटबंदीचे काम सुरू केले, पोर्तुगिजांनी ते ठिकाण परत जिंकले आणि १७३९ मध्ये वसईच्या अखेरच्या वेढ्याआधी ते पुन्हा मराठ्यांकडे आले. मे १७३९ मध्ये वसई शरण आली. चौक येथे चिमाजी अप्पांचे स्मारक आहे.

या मोहिमेचे कौटुंबिक अंग सहसा सांगितले जात नाही. गोव्याहून वसईला कुमक येऊ नये म्हणून त्याच सुमारास गोव्याच्या साष्टी प्रांतात मराठी फौज घुसली आणि तिने मडगाव घेतले. त्या फौजेचे नेतृत्व व्यंकटराव घोरपडे यांच्याकडे होते, म्हणजे अनुबाईंच्या पतीकडे. एक मुलगा उत्तर कोकणात, एक जावई गोव्यात, आणि थोरला मुलगा दिल्लीवर आलेल्या नादिरशहाच्या हालचालींवर डोळा ठेवून. १७३९ च्या पहिल्या महिन्यांत पुण्यात बसलेल्या राधाबाईंचा जीव असा तीन आघाड्यांवर वाटला गेला होता.

मस्तानी प्रकरण. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या कादंबरीने आणि २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटाने राधाबाईंची जी प्रतिमा रूढ केली, ती कठोर सासूची. बाजीराव आणि मस्तानी यांच्या संबंधाला घरातला विरोध खरा होता आणि राधाबाई त्यापासून अलिप्त होत्या असे म्हणता येणार नाही. परंतु मस्तानीला नजरकैदेत ठेवण्याच्या प्रकरणात, समकालीन पत्रांमध्ये चिमाजी अप्पा आणि नानासाहेब यांचा हात अधिक स्पष्ट दिसतो. सारा दोष एका वृद्ध विधवेवर टाकणे नाट्याला सोयीचे असले, तरी इतिहासाला धरून नाही. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर पुढे पेशव्यांच्याच घरात वाढला, हेही त्याच घराचे वर्तन आहे.

अखेरची वर्षे. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजी अप्पाही गेले आणि त्यांची दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. आठ महिन्यांत दोन्ही मुलगे गमावल्यावर राधाबाई आणखी बारा वर्षे जगल्या. बाजीरावांनंतर पेशवेपद कोणाला, हा वाद उठला तेव्हा नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी बारामतीच्या बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले. बाबूजी हे जावई आबाजींचे भाऊ. नातवाच्या पदाला आव्हान लेकीच्या सासरातून आले. शाहूंनी नानासाहेबांना वस्त्रे दिली, तरी नाईकांशी तेढ पुढेही राहिली.

पानिपतावर पडलेले नानासाहेबांचे पुत्र विश्वासराव आणि सदाशिवराव, आणि तिथे जखमी होऊन वारलेला समशेर बहाद्दर, तिघेही राधाबाईंच्या वंशातले. तो दिवस पाहायला त्या नव्हत्या. अनुबाई मात्र होत्या. व्यंकटरावांच्या मृत्यूनंतर (१७४५) इचलकरंजीच्या जहागिरीचा कारभार त्यांनी मुलाच्या नावाने, पण स्वतःच्या हुकमतीने चालवला आणि करवीरकरांशी झालेल्या संघर्षात फौजेचीही व्यवस्था पाहिली. त्यांचे निधन १७८३ मध्ये झाले.