साथीच्या काळातील आशा सेविका : मनावरचा ताण

साथरोगाच्या काळात आरोग्यसेवकांच्या मनावर येणाऱ्या ताणाचा विचार बहुधा रुग्णालयापुरताच होतो. कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशा सेविकांचा ताण मात्र दारोदारी साठत गेला. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील या स्त्रिया त्याच वस्तीत राहणाऱ्या. सरकारलेखी त्या कर्मचारी नव्हेत, 'स्वयंसेविका'. सप्टेंबर २०२० मधील 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत त्यांनी घरोघरी ताप आणि प्राणवायूची पातळी मोजली. रुग्ण आढळला की त्याची रवानगी विलगीकरणात होई आणि शेजाऱ्यांचा रोष ओढवे तो खबर देणाऱ्या आशाताईंवर. आपल्यामुळे घरच्यांना लागण होईल, ही धास्ती वेगळीच. मार्च २०२० मध्ये जाहीर झालेले ५० लाख रुपयांचे विमाकवच होते, पण ते मृत्यूनंतरचे.

अशा थकव्याला, म्हणजे 'बर्नआउट'ला, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजार न मानता कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या, दीर्घकाळच्या ताणाचा परिणाम मानले. हा भेद महत्त्वाचा आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने मार्च २०२० मध्ये दूरध्वनीवरून समुपदेशन सुरू केले. ते आवश्यकच होते. परंतु समुपदेशनाने मानधन वाढत नाही. जून २०२१ मध्ये राज्यातील आशांनी संप पुकारला, तेव्हा कुठे १ हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाला.

'टेलि-मानस' ही केंद्राची विनामूल्य सेवा (दूरध्वनी १४४१६) ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तेथे मराठीतूनही बोलता येते.