एका जॅकेटातली तीन कुळं

बॉयन्सी जॅकेट, डायव्हर मंडळींच्या बोलण्यातलं बीसीडी, हातात घेऊन नीट पाहिलं तर त्यात तीन निरनिराळ्या वस्तू एकत्र शिवलेल्या दिसतात. सिलिंडर पाठीला घट्ट धरून ठेवणारे पट्टे, पाण्याखाली तोल सावरणारी हवेची पिशवी आणि पाण्यावर आल्यावर माणसाला तरंगत ठेवणारा जीवरक्षक अंगरखा. या तिन्हींचा जन्म वेगवेगळ्या गरजेतून झाला आणि कित्येक वर्षं त्या वेगवेगळ्याच वापरल्या गेल्या. दुकानात मात्र तिन्ही एकाच किमतीच्या चिठ्ठीखाली येतात. त्यात खिसे, कड्या, वजनाचे कप्पे, कमरेच्या गाद्या यांची भर पडते, आणि मध्यम बजेट असलेल्या माणसाची पंचाईत होते. दोन जॅकेटांच्या वैशिष्ट्यांचे तक्ते शेजारी ठेवून निवड करायला गेलं तर ज्याची यादी लांब तेच सरस वाटतं. माझं म्हणणं असं की या वस्तूचं कूळ तपासलं तर तिचं खरं काम एकच आहे आणि तेही मोजता येण्याइतकं लहान आहे. पैसा त्या कामावर खर्च करावा, बाकीच्या बाबतीत हात आखडता घेतला तरी चालतं.

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो आणि एमील गान्यां यांनी ॲक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचं साधन तयार केलं, तेव्हा असलं जॅकेट नव्हतं आणि त्याची फारशी उणीवही भासली नाही. भूमध्य समुद्रात उन्हाळ्यात उघड्या अंगाने उतरणाऱ्या माणसाच्या शरीराचं घनफळ खोलीप्रमाणे फारसं बदलत नाही. बदलतात ती फुप्फुसं. श्वास जरा भरून घेतला की माणूस वर सरकतो, सोडला की खाली बसतो. दीडदोन लिटर हवेच्या या फरकाने दीडदोन किलोंची चढउतार साधते, आणि तेवढ्यावर सगळा तोल सांभाळला जायचा. हा हिशेब बिघडवला वेटसूटने. १९५०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी फेसाळ निओप्रीनचा सूट सुचवला. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. ऊब त्यांच्यामुळेच मिळते आणि अडचणही तेच करतात. पृष्ठभागावर दाब १ बार असतो, १० मीटरवर २ बार, २० मीटरवर ३. म्हणजे २० मीटर खाली त्या बुडबुड्यांचं घनफळ तिसऱ्या हिश्शावर येतं आणि वर असताना माणसाला उचलून धरणारा सूट खाली गेल्यावर चपटा होऊन साथ सोडतो. मग कमरेला शिसं बांधायचं ते कोणत्या खोलीच्या हिशेबाने? वर तोल जमेल इतकं बांधलं तर तळाशी माणूस जड होतो, आणि तळाशी जमेल इतकं कमी बांधलं तर खाली जातानाच हातपाय मारून दम जातो. बॉयन्सी जॅकेटचा उगम या पेचात आहे. थंडीवरचा उपाय आला नसता तर जॅकेटही इतक्या लवकर आलं नसतं.

पहिला आधार मात्र भलत्याच ठिकाणाहून उसना आणला गेला. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावरून उडणारे वैमानिक जी फुगवायची जीवरक्षक बंडी घालत तिचं पेटंट १९२८ सालचं, पीटर मार्कस यांचं. तीच बंडी डायव्हरांच्या गळ्यात आली. ती फुगायची कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांडीने. आणीबाणीत दोरी ओढायची आणि वर यायचं, एवढंच तिचं काम. तोल सावरायला ती का निरुपयोगी होती हे साध्या गणिताने कळतं. १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावर आठनऊ लिटर जागा व्यापतो. ३० मीटरवर, ४ बार दाबाखाली, तो जेमतेम दोन सव्वादोन लिटर उरतो. जिथे गरज सर्वांत जास्त तिथे उचल सर्वांत कमी, आणि तीही एकदाच. १९६१ साली मोरिस फेंझी यांनी ज्या साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला ते फ्रेंच नौदलाच्या पाण्याखालील संशोधन गटाने घडवलेलं होतं, आणि त्याने ही कोंडी फोडली. सुरुवातीची पिशवी पाण्याखाली तोंडाने फुगवावी लागे. पुढच्या आवृत्तीत तिला दाबलेल्या हवेचा स्वतःचा छोटा सिलिंडर जोडला गेला. आता हवा हवी तेव्हा, हवी तितकी आत घेता येऊ लागली आणि सोडताही येऊ लागली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ही पिशवी, म्हणजेच ‘फेंझी’, जगभरच्या डायव्हरांच्या अंगावर होती. पण तिचा आकार जीवरक्षक बंडीचाच राहिला. मानेभोवती कॉलर आणि छातीवर पिशवी. पाण्यावर बेशुद्ध माणसाचं तोंड आकाशाकडे राहावं यासाठी तो आकार योग्य होता. पाण्याखाली मात्र हवा खांद्यांपाशी जमल्याने छाती वर आणि पाय खाली, अशा तिरक्या अंगाने पोहावं लागे.

पुढचं पाऊल १९७१ साली स्कूबाप्रोच्या स्टॅब जॅकेटने टाकलं. त्यात पिशवी छाती, काखा, खांदे आणि पाठ यांच्याभोवती फिरवून घेतली होती, म्हणजे माणूस कसाही वळला तरी हवा सरकून वरच्या बाजूला जायची. सिलिंडर धरणारे पट्टेही त्याच अंगरख्यात सामावले. याच सुमारास इन्फ्लेटर रुळला. श्वासाची हवा पुरवणाऱ्या रेग्युलेटरपासून कमी दाबाची एक नळी थेट जॅकेटला जोडली, बटण दाबलं की मुख्य सिलिंडरची हवा आत. १९८५मध्ये सीक्वेस्टच्या एडीव्ही जॅकेटने खांद्यांवरची पिशवी काढून टाकली आणि तिथे बकलने सैल-घट्ट करता येणारे पट्टे दिले. आज शिकवणीच्या वर्गात जे जॅकेट अंगावर येतं, उदाहरणार्थ क्रेसीचं स्टार्ट, ते बहुतांशी याच घराण्यातलं आहे. या वंशाची एक खुंटलेली फांदीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७०च्या दशकात डेकर कंपनीने नॉटिलस नावाचं कडक कवचाचं साधन काढलं. कवच दबतच नसल्याने त्यातल्या हवेचं घनफळ खोलीप्रमाणे बदलायचं नाही. दाब वाढला की वायूचं घनफळ घटतं, या बॉइलच्या नियमाला दिलेलं ते सर्वांत सरळ उत्तर होतं, पण पाठीवर एवढा मोठा टणक डबा वागवायला लोक तयार झाले नाहीत. गणित जिंकलं तरी अंगावर बसणं हरलं, आणि जॅकेट निवडताना हा धडा फार उपयोगी पडतो.

दुसरीकडे फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये वेगळीच शाखा वाढत होती. तिथे आरंभीचे लोक ब्लीचच्या रिकाम्या बाटल्यांत हवा भरून तोल साधत. गुहेच्या तळाशी बारीक गाळ असतो. पायाचा एक फटका खाली बसला की पाणी गढूळ होतं आणि बाहेरची वाट दिसेनाशी होते. त्यामुळे तिथल्या डायव्हरांना आडवं, सपाट पोहता येणं हाच जिवाचा प्रश्न होता. त्यांनी छातीवरची हवा पाठीवर नेली. धातूची एक पाटी, तिच्यातून ओवलेला एकसंध पट्टा, आणि पाटी व सिलिंडर यांच्यामध्ये पंखासारखी पिशवी. ग्रेग फ्लॅनगन आणि विल्यम होगार्थ मेन ही नावं या पाटीशी जोडली जातात. मेन यांच्या मधल्या नावावरून काटकसरीच्या या पद्धतीला होगार्थियन हे नाव पडलं. कामाचं नाही ते अंगावर नको, हा तिचा नियम. आज ‘बॅकप्लेट आणि विंग’ म्हणून जे मिळतं ते हेच.

आता या कुळाचा हिशेब आपल्या पाण्याला लावू. मालवण-तारकर्ली किंवा गोव्याजवळचं ग्रँड आयलंड इथलं पाणी उबदार असतं, ३ मिमीचा सूट पुरतो. असल्या सूटची मुळात दोनतीन किलो उचल, त्यातली २० मीटरवर फार तर दोनेक किलो जाते. सर्रास मिळणारा अकरा लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर २०० बारपर्यंत भरला की त्यात सुमारे २,२०० लिटर हवा बसते. तिचं वजन साधारण अडीच ते पावणेतीन किलो. ही हवा डाइव्हभर संपत जाते, म्हणून सुरुवातीला माणसाला तेवढं जास्त जड राहावं लागतं. दोन्ही मिळून पाच किलोंच्या आत. पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर काढलं की त्याचं चारपाच किलो वजन उचलण्याची भर, पण तोवर सूट पुन्हा फुगलेला असतो. म्हणजे शिसं बेताचं बांधलेल्या माणसाला दहा किलोंच्या आसपासची उचल रग्गड झाली. बाजारातली मधल्या मापाची जॅकेटं पंधरा ते वीस किलोंची उचल सांगतात. ती गरज ७ मिमीचा सूट घालून युरोपातल्या थंड पाण्यात उतरणाऱ्याची आहे, कोकणात डाइव्ह करणाऱ्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही.

यावर म्हणणारे म्हणतील की उचल जास्त असली तर बिघडलं काय, सुरक्षितताच वाढली. बिघडतं ते असं. मोठ्या पिशवीतली थोडी हवा एका जागी राहत नाही, अंग कललं की ती उतरंडीने पळते आणि तोल हलतो. शिवाय २० मीटरवर पिशवीत चार लिटर हवा असेल तर १० मीटरवर ती सहा लिटर होते आणि पृष्ठभागापर्यंत तशीच राहू दिली तर बारा. वर येताना ती वेळेवर सोडणं हीच खरी सुरक्षितता, आणि मोठ्या, घड्या पडणाऱ्या पिशवीत हवा कोपऱ्यांत अडकून बसते. दुसरा आक्षेप विंगवरचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. पाठीवरची पिशवी पाण्यावर माणसाला पुढे ढकलते, मग बेशुद्ध पडलेल्याचं काय? ही भीती खरी आहे, पण तिचं उत्तर पारंपरिक जॅकेटमध्येही नाही. ईएन १८०९ हे युरोपीय मानक बॉयन्सी जॅकेटला जीवरक्षक बंडी मानत नाही, आणि बेशुद्ध माणसाचं तोंड वर राहील याची हमी नाही असा इशारा कित्येक जॅकेटांत शिवलेला असतो. बंडीचं कूळ जॅकेटने १९७०च्या दशकातच मागे टाकलं, तेव्हा त्या वारशाच्या नावाने किंमत मोजू नये. शुद्धीवरच्या माणसाने पिशवी पुरतीच फुगवली आणि अंग मागे टेकलं की पाठीची पिशवी पाण्यावर स्वस्थ धरून ठेवते.

मग पैसा कुठे घालायचा? पहिलं, अंगाला बसण्यावर. सिलिंडर पाठीवर डुलला तर कितीही चांगली पिशवी तोल देत नाही. खांद्याचा आणि पोटाचा पट्टा घट्ट करून, दुकानातच सिलिंडर लावून, वाकून आणि वळून पाहावं. पूर्ण फुगवल्यावर छाती आवळली जाऊन श्वास अपुरा पडतो का तेही तिथेच कळतं, कारण अंगाभोवतीच्या जॅकेटचा तो जुना दोष आहे. दुसरं, झडपांवर. हवा सोडायला खांद्यापाशी एक आणि पाठीच्या खालच्या टोकाला एक अशा झडपा हव्यातच. खालची झडप नसलेल्या स्वस्त जॅकेटमध्ये डोकं खाली असताना हवा सोडायला सोय नसते. तिसरं, पिशवीच्या कापडावर आणि तिच्या जोडांवर. आपण एखाद्या दिवसाच्या हौशीला तारकर्लीत उतरलो तर प्रशिक्षकच इन्फ्लेटर हाताळतो, त्यामुळे या गोष्टींकडे लक्ष जात नाही. पण तोल साधणं फक्त आपल्यापुरतं नसतं. मालवणच्या किनाऱ्याला १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या प्रवाळांजवळ पाय खाली लोंबत असलेला डायव्हर वाळू उडवतो आणि फिनचे फटकेही देतो. सपाट पोहता येणं हा फ्लोरिडाच्या गुहेतला हट्ट इथेही तितकाच कामाचा आहे.

म्हणून मध्यम बजेटला माझा कौल लहान विंगला. पोलादी पाटीचं वजन दोनअडीच किलोंच्या घरात जातं, पण तेवढं शिसं कमरेवरून कमी होतं. पिशवी फाटली तर पिशवीच बदलायची, पट्टा झिजला तर पट्टा. एकसंध जॅकेटची पिशवी गेली की सगळंच गेलं. अडचणी आहेत. पट्टा स्वतः मापून लावावा लागतो, खिसे नसतात, आणि शिकवणीतल्या जॅकेटपेक्षा सवय निराळी. ज्याला ते नको त्याने साधं, कमी खिशांचं जॅकेट घ्यावं, त्यातही वजनाचे कप्पे टाळले तर चालतं, कारण ३ मिमी सूटला लागणारं थोडं शिसं पट्ट्यावर मावतं. देशांतर्गत विमानात चेक-इन सामानाला बहुधा १५ किलोंची मर्यादा असते. अंदमानला जाणाऱ्याला दीडदोन किलोंचा फरक लगेच जाणवतो, मग पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची पाटी किंवा घडी होणारं प्रवासी जॅकेट बरं. आणि वर्षातून एखाद्या वेळी उतरणाऱ्याने जॅकेट घेऊच नये. ते भाड्याने मिळतं, चेहऱ्याला बसणारा मास्क भाड्याने मिळेलच असं नाही.

वापरलेलं घ्यायचं असेल तर कुळाचं ज्ञान आणखी कामी येतं. जॅकेट तोंडाने गच्च फुगवून रात्रभर ठेवावं, सकाळी ते तितकंच ताठ असलं पाहिजे. मग ते हलवून कान द्यावा. आत मिठाचे खडे खुळखुळत असतील तर आधीच्या मालकाने आतून गोडं पाणी फिरवलेलं नाही. दाब वाढल्यावर आपोआप उघडणारी झडप उघडते का, आणि उघडल्यावर पुन्हा नीट बसते का, हे पाहावं. तिच्या रबरी कडेवर अडकलेला वाळूचा एक कण बुडबुड्यांची बारीक माळ सोडत राहायला पुरतो. इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडल्यावर लगेच वर येत नसेल, तर ते मिठाने आखडलं आहे आणि पाण्याखाली ते अडकून राहिलं तर जॅकेट फुगतच जाईल. एवढ्यावरून मात्र व्यवहार मोडायचं कारण नाही. इन्फ्लेटर सुटा काढून नवा बसवता येतो, आणि शाबूत पिशवीच्या जुन्या जॅकेटला नवा इन्फ्लेटर लावून घेणं हा मधल्या बजेटातला सर्वांत शहाणा सौदा ठरू शकतो.