वर्ध्याची बाराखडी आणि लिनक्सचा कळफलक

वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची सुरुवातीच्या काळातली पुस्तके वाचताना आजचा वाचक पहिल्याच पानावर अडखळतो. 'इस' हा हिंदी शब्द तिथे 'अिस' असा छापलेला दिसतो, 'उस'चा 'अुस' झालेला असतो आणि 'एक'चा 'अेक'. ही छपाईची चूक नाही. नागरी लिपी यंत्राला पेलावी म्हणून काही विचारी माणसांनी ठरवून केलेला हा बदल होता आणि त्याचे एक मोठे केंद्र वर्धा होते.

1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अधिवेशन इंदूरला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली झाले. लिपीसुधारणेचे काम तिथे काकासाहेब कालेलकरांकडे आले. पुढच्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. कालेलकर मूळचे साताऱ्याचे, घरात मराठी, लेखन मुख्यतः गुजरातीत, आणि वास्तव्य वर्ध्याच्या काकावाडीत. मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या या माणसाला लिपीची अडचण पुस्तकात नव्हे, तर छापखान्यात आणि टंकलेखन यंत्रावर दिसत होती. तिकडे रत्नागिरीत सावरकरही मराठीसाठी अशीच 'अ'ची बाराखडी मांडत होते. राजकारणात दोन टोकांना असलेली माणसे या एका प्रश्नावर जवळपास एकाच उत्तराशी आली, कारण दोघांसमोरचे यंत्र एकच होते.

त्या यंत्राचा हिशेब कठोर होता. टंकलेखन यंत्राला साधारण 46 कळा. प्रत्येक कळेवर वरची आणि खालची अशा दोन खुणा, म्हणजे एकूण 92. इंग्रजीची 26 अक्षरे लहान-मोठ्या रूपांसह त्यात आरामात बसतात आणि आकडे, विरामचिन्हांनाही जागा उरते. नागरीत मात्र स्वर वेगळे, मात्रा वेगळ्या, व्यंजने तीसहून अधिक, त्यांची अर्धी रूपे, रफार, रकार आणि त्यावर क्ष, ज्ञ, द्य, द्ध यांसारखी जोडाक्षरे. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ काढून त्यांच्या जागी 'अ'लाच मात्रा लावल्या की तेवढ्या कळा मोकळ्या होत. सूचना तर्काला धरून होती, पण लोकांच्या डोळ्यांना रुचली नाही. 1947 मध्ये नेमलेल्या आचार्य नरेंद्रदेव समितीने ती नाकारली. 1948 मध्ये हिंदुस्तानी टंकलेखन यंत्र आणि लघुलिपी यांसाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षही कालेलकरच होते. 1953 च्या लखनौ परिषदेत पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आखूड काढावी असे ठरले, तेही टिकले नाही. वर्ध्याशेजारच्या पवनारला विनोबांनीही 'लोकनागरी' नावाने सुधारित लिपी मांडली होती.

या सगळ्यांना अडचण अचूक दिसली होती. उपाय मात्र लिपीवर झाला, कारण यंत्र बदलता येईल अशी शक्यताच त्या काळी नव्हती.

म्हणून प्रत्यक्षात तडजोड झाली ती बोटांनी. रेमिंग्टनच्या नागरी मांडणीत अनेक व्यंजने अर्धी छापायची, मग काना मारून ती पूर्ण करायची. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, 'क' नंतर. रफार उच्चारात आधी येतो, पण कागदावर शेवटी उमटवायचा. गोदरेजने 1955 मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि पुढच्या दशकांत महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत टायपिंग इन्स्टिट्यूट हे नोकरीकडे जाणारे दार झाले. मिनिटाला 30 शब्द, मग 40 शब्द अशा परीक्षा देत पिढ्यांच्या बोटांत ही मांडणी मुरली.

पेच सुटला तो कळ आणि अक्षर यांची गाठ सोडल्यावर. 1980 च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी संगणकावर काम झाले. त्यातून आलेले 'जिस्ट' तंत्र पुण्यात 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅककडे गेले. संगणकाच्या पेटीत एक वेगळे कार्ड बसवले की पडद्यावर नागरी उमटे. 1986 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट मांडणी प्रमाण म्हणून पुढे आणली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि तमिळपासून बंगालीपर्यंत सर्व भारतीय लिप्यांना तोच पाया. 1991 मध्ये इस्की ही संकेतावली भारतीय मानक ठरली, आणि तिच्या आधीच्या आवृत्तीवरून युनिकोड या जागतिक संकेतावलीने देवनागरीची रचना घेतली.

तरी मधली पंधरा-वीस वर्षे गोंधळाचीच गेली. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, त्याची संकेतावली वेगळी आणि कळफलकाचा ड्रायव्हरही वेगळा. एका फाँटमधला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. ते ड्रायव्हर बहुधा विंडोजसाठीच असत, त्यामुळे लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरू पाहणारा मराठी माणूस दारातच अडे.

लिनक्सने याच जागी जो मार्ग काढला, तो फार सुंदर आहे. कर्नलमधल्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरला मराठी ठाऊक नसते, इंग्रजीही नसते. वर्ध्याच्या बाजारातून आणलेल्या साध्या यूएसबी कळफलकावर 'के'ची कळ दाबली की कर्नल फक्त 37 हा आकडा वर पाठवतो. पडद्याची व्यवस्था पाहणारा एक्स सर्व्हर त्यात 8 मिळवून 45 धरतो. मग एक्सकेबी नावाची मांडणी-व्यवस्था आपला नकाशा पाहते आणि इन्स्क्रिप्ट निवडलेले असेल तर 'क' देते. 'एफ'च्या कळेचा आकडा 33, तिथे पहिली वेलांटी. वापरणारा 'क' आधी आणि वेलांटी नंतर दाबतो, साठवणही त्याच क्रमाने होते. वेलांटी डावीकडे काढायचे काम अगदी शेवटी, पँगो किंवा हार्फबझसारखी अक्षरजुळणीची प्रणाली फाँटच्या मदतीने करते. टंकलेखन यंत्रात कळ, अक्षर आणि त्याचा आकार हे तिन्ही टप्पे लोखंडाच्या एकाच दांड्यात गोठलेले होते. ते सुटे झाले आणि लिपी छाटण्याचे कारणच संपले.

कळफलकावर नागरी अक्षरे छापलेली नसली तरी चालते, आणि मांडण्याही हव्या तेवढ्या ठेवता येतात. लिनक्सच्या संग्रहात मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आहे, तशीच कन्नड गणक परिषदेच्या नावावरून ओळखली जाणारी 'कगप' ही उच्चारानुसारी मांडणीही आहे. जपानमध्ये सुरू झालेल्या एम17एन प्रकल्पात तर मराठीसाठी 'गमभन', आयट्रान्स आणि जुनी रेमिंग्टनसुद्धा आहे. आयबस या टंकन-साधनातून ती निवडली की टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली बोटे पूर्वीसारखीच चालतात आणि तयार होणारा मजकूर शुद्ध युनिकोडचा असतो.

मराठीच्या खास गरजा मात्र रेटून मागाव्या लागल्या. 'साऱ्या'तला अर्धा र हिंदीला लागत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह 'जे'वर नुक्त्याचा ऱ आहे, त्यानंतर हलन्त आणि य दाबले की तो उमटतो. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळायला 2008 उजाडले. रेड हॅटने मुक्त केलेले लोहित फाँट आणि सी-डॅकने 2007 मध्ये आणलेली डेबियनवर आधारित 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली यांमुळे नागरी लिहिणे-वाचणे मूळ स्थापनेतच येऊ लागले. कालेलकरांची 'अि' आजही टाइप करता येते, पण संगणक तिला 'इ' मानत नाही. जुन्या वर्धा-प्रकाशनांचे डिजिटल रूप करताना दोन्ही रूपे शोधात सापडतील अशी सोय मुद्दाम ठेवावी लागेल.

1997 मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयामुळे भाषेचा अभ्यास करणारी तरुण मुले आजही वर्ध्यात येतात. एक्सकेबीतली भारतीय मांडण्यांची फाईल साध्या मजकुराची आहे. कोणालाही ती उघडून वाचता येते, चूक दाखवता येते, दुरुस्ती पाठवता येते. कालेलकरांना यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांची मनधरणी करावी लागली असती, ती गरज आता उरलेली नाही. वर्ध्यातल्या आणि विदर्भातल्या विद्यार्थ्यांनी ही फाईल एकदा तरी उघडावी, मराठीला काय कमी पडते ते पाहावे आणि ते भरून काढावे.