सुपे, १८७५ : जळालेली कर्जखते आणि कायद्याने घडवलेला बाजार

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातले सुपे. आठवड्याच्या बाजारासाठी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख मुख्यतः एकाच वस्तूवर होता : कर्जखते. ती हाती लागली की होळी पेटे. प्राणहानी करण्याकडे जमावाचा कल नव्हता. कागद नष्ट व्हावा, एवढाच हेतू.

२/ सावकार तर शतकानुशतके होताच. मग त्याच्या कागदाची एवढी धास्ती याच काळात का निर्माण झाली? याचे उत्तर सावकाराच्या स्वभावात कमी आणि सरकारी कायद्यात अधिक सापडते.

३/ पूर्वी वसुलीसाठी सावकाराला पाटील, पंचायत आणि गावाचे जनमत सांभाळावे लागे. कुणब्याला देशोधडीला लावून त्याचा व्यवहार चालणे शक्य नव्हते. रयतवारीने जमीन व्यक्तीच्या नावे लागली, तिला बाजारात किंमत आली आणि ती तारण ठेवता येऊ लागली.

४/ त्यानंतर तीन कायदेशीर बदल घडले. १८५५ मध्ये व्याजदरावरील कायदेशीर मर्यादा उठली. १८५९ च्या दिवाणी कार्यपद्धतीने हुकूमनाम्याच्या बळावर जमीन-जुमला विकण्याची वाट सुलभ केली. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली.

५/ हा मुदतीचा नियम ऋणकोच्या रक्षणासाठी होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेऊ लागला. थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाई आणि त्या वाढलेल्या रकमेवर पुन्हा व्याज चढे. निरक्षर कुणबी अंगठा उठवी. न्यायालय केवळ कागद पाही. त्यामागचा इतिहास विचारीत नसे.

६/ १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाला विलक्षण भाव आला. पैसा खेळू लागला, कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच १८६७ पासूनच्या फेरआकारणीत अनेक तालुक्यांचा शेतसारा वाढला. सारा रोखीनेच भरायचा; म्हणून पुन्हा सावकाराचे दार.

७/ दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. कर्जापायी कैद बंद झाली. स्पष्टपणे गहाण न ठेवलेली जमीन विकण्यास मनाई झाली. मुद्दलाहून अधिक व्याज नको, हे जुने दामदुपटीचे तत्त्वही त्यात आले.

८/ या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायाधीश म्हणून महादेव गोविंद रानडे यांनी काम केले. पुढे १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी मांडले, की युरोपीय अर्थशास्त्राचे सिद्धान्त ज्या गृहीतकांवर उभे आहेत, ती गृहीतके हिंदुस्थानात लागू पडत नाहीत. सरकारने हात बांधून बसावे, हा सल्ला त्यांना मान्य नव्हता.

९/ तथापि कायद्यालाही मर्यादा होत्या. गहाणखताची चौकशी होते म्हटल्यावर काही सावकार खरेदीखतच लिहून मागू लागले. शेतसारा तसाच राहिला. सावकाराचा हात आखडला, पण बियाण्यासाठी आणि बैलासाठी लागणारा पैसा अन्यत्र कोठून येणार? त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने केला.

१०/ सुप्याच्या आगीचा अर्थ येथे दडला आहे. १८७५ पूर्वी सरकार बाजाराबाहेर नव्हते. करार कोणता ग्राह्य, जप्ती कशाची, मुदत किती, हे सारे त्यानेच ठरवले होते. त्यालाच ‘मुक्त व्यवहार’ म्हटले जात होते. १८७९ मध्ये सरकार बाजारात नव्याने शिरले नाही. आपण घडवलेल्या बाजारात आपले वजन कोणत्या पारड्यात पडते आहे, एवढेच त्याने उशिरा पाहिले.