प्रिया, बुलेट आणि टॅपेटची फट

१९७५ साली साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. तिथे बनणारी ‘प्रिया’ टू-स्ट्रोक होती. राजदूत आणि येझदीही तशाच. अशा इंजिनात व्हॉल्व्ह नसल्याने टॅपेटचा प्रश्नच नव्हता. घरची दुरुस्ती बहुधा प्लग पुसण्यावर भागे.

व्हॉल्व्हची विद्या या भागात त्याआधीच, शेतीच्या वाटेने आली होती. धनजीशा कूपर (हेच १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान) यांच्या सातारा रोडच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली. सांगलीकडे किर्लोस्करवाडीचे पंप होते. विहिरीवरचे इंजिन बंद पडले की उसाची पाळी चुके; मेकॅनिकची वाट पाहणे परवडत नसे.

मोटारसायकलीत हे काम बुलेटस्वाराच्या वाट्याला आले. १९५५ पासून मद्रासला जुळू लागलेल्या या गाडीला फिलर गेजही लागत नसे. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मग कव्हर काढून पुशरॉड चिमटीत धरायचा. तो सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये. खडखड थांबावी म्हणून जास्त आवळण्याचा मोह मात्र घातक. घट्ट टॅपेट आवाज करत नाही. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही, त्याची उष्णता निघून जात नाही आणि तो जळतो.

१९८५ मध्ये हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली. तिची फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजायची. चिमटीचा अंदाज तिथे पुरेना. घरच्या पान्यांच्या डब्यात फिलर गेज आली.