क्षितिज ओळखणारं यंत्र

विमानावरचा हात काढून दाखवणाऱ्या माणसाला पहिलं मोठं बक्षीस मिळालं ते 18 जून 1914 रोजी, पॅरिसजवळ सीन नदीवर. एकवीस वर्षांच्या लॉरेन्स स्पेरीने उडत्या विमानात दोन्ही हात वर धरले आणि त्याचा मेकॅनिक एमिल काशँ उठून पंखावर चालत गेला. त्या वजनाने विमान कलायला हवं होतं. विमानातल्या जायरोस्कोपने ते सावरलं. स्पेरीचे वडील एल्मर जहाजं डोलू नयेत म्हणून जायरोस्कोप बनवत. म्हणजे विमानाने पहिली समज उसनी घेतली ती जहाजाकडून.

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्पर्धेचं विमान बांधायला येणाऱ्या पोरांना मी हा किस्सा मुद्दाम सांगतो. त्यांना वाटतं, ड्रोन म्हणजे चार पंख्यांचा. स्थिर पंखांच्या विमानाला हवेत थांबून विचार करायची सोय नसते. वेग गेला की उचल गेली. त्यामुळे आपण किती तिरके आहोत, क्षितिज कुठे आहे, हे त्याला क्षणोक्षणी कळावंच लागतं.

स्पेरीचं यंत्र मॉडेल विमानात बसणारं नव्हतं. 2003 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला पास्काल ब्रिसे आणि आंत्वान द्रुएँ यांनी ‘पापाराझी’ हा खुला ऑटोपायलट सुरू केला, तो दुरून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड सेन्सरवर. जमीन उबदार, आकाश थंड. डावा पंख खाली गेला की त्या बाजूच्या सेन्सरला जास्त ऊब लागते. युक्ती झकास, पण श्रावणातल्या आपल्या खाली उतरलेल्या ढगांत हा फरक पुसट होतो आणि विमानाचा अंदाज चुकतो.

पुढची उसनवारी खेळण्यांची. मेक्सिकोहून कॅलिफोर्नियात आलेल्या जोर्दी मुन्योझने व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरमधले सेन्सर काढून हेलिकॉप्टरचा ऑटोपायलट जुळवला. तो आणि त्याचा सहकारी क्रिस अँडरसन यांच्या खटपटीतून आर्डुपायलट हा खुला ऑटोपायलट उभा राहिला. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात लॉरेन्झ मायर या विद्यार्थ्याने 2008 मध्ये स्पर्धेसाठीच पिक्सहॉक या ऑटोपायलटचं काम हाती घेतलं. पुढच्या वर्षी त्याच्या संघाने युरोपातली स्पर्धा जिंकली. फोनमुळे स्वस्त झालेल्या चिपांनी बाकीचं काम केलं.

या साऱ्याची कसोटी लागली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये. 2007 पासून तिथल्या एका स्पर्धेत माळावर ‘आउटबॅक जो’ नावाचा पुतळा ठेवत. विमानाने त्याला शोधायचं आणि पाण्याची बाटली टाकायची. वर्षानुवर्षं मोठं बक्षीस कुणालाच मिळेना. 2014 मध्ये कॅनबेरायूएव्ही या संघाने ते जिंकलं. त्या संघातला अँड्र्यू ट्रिजेल मूळचा संगणकांच्या जाळ्यातला माणूस, ‘सांबा’ या सॉफ्टवेअरचा कर्ता.

आज हा सगळा वारसा काडेपेटीएवढ्या डबीत मिळतो, आणि आराखडे कुणालाही उघडून पाहता येतात. म्हणून आमच्या कार्यशाळेत डबी शेवटी येते. आधी बाल्साची फासळी तासायची, मग दोन बोटांवर पंख तोलून गुरुत्वमध्य पाहायचा, मग विमान हाताने उडवायचं. नाक जड की शेपूट, हे आधी माणसाला कळलं पाहिजे. वाईट तोललेलं विमान ऑटोपायलटही उडवतो कधीकधी, पण सारी बॅटरी ते सावरण्यातच घालवतो. आणि स्पर्धेत गुण मिळतात ते शोधकामाचे.