साडेबत्तीस डॉलरची गिटार

1930 साल संपता संपता लॉस एंजेलिसच्या नॅशनल कंपनीने ‘ड्युओलियन’ नावाची गिटार साडेबत्तीस डॉलरला विकायला काढली. मंदी सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. याच कंपनीची सर्वांत भारी गिटार 195 डॉलरची होती, तिच्या अंगावर शेवंतीची फुलं कोरलेली, वर निकेलचं चकचकीत पाणी. ड्युओलियनला यातलं काही नव्हतं. साधा पोलादी पत्रा, त्यावर दाणेदार रंग, आणि पोटात, आवाज मोठा करायला, तीनऐवजी एकच ॲल्युमिनियमचा शंकू. धातूच्या गिटारवरचं ब्लूज म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात जो आवाज उठतो, तो बराचसा या खालच्या दराच्या मालाचा आहे. गरिबाला परवडली म्हणून ती त्याच्या हाती गेली, हे खरंच. पण एवढ्यावर मला थांबता येत नाही.

मी गिटार वाजवत नाही. माझी सगळी नोकरी भोसरीत, प्रेस शॉपमध्ये झाली. पत्रा कापायचा, डाय बसवायची, माल दाबायचा, कडेचा बर काढायचा. ब्लूज वाजवते ती माझी भाची. तिने धातूची गिटार घ्यायचं मनावर घेतलं आणि “मामा, पत्र्याचं काम आहे, तू बघच,” म्हणून मला त्यात ओढलं. तेव्हा या वाद्याच्या इतिहासात शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही. ब्लूजवर जाणकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. तो आवाज ज्या पत्र्यातून निघतो त्याच्याकडे कारखान्यातल्या माणसाच्या नजरेनेही बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेला हवाई बेटांच्या संगीताने झपाटलं होतं. 1915 साली सान फ्रान्सिस्कोत पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं. गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी कांडी सरकवणारे हवाईचे वादक तिथे हजारो लोकांनी पाहिले, आणि हे वेड देशभर पसरलं. अडचण आवाजाची होती. नाटकगृहात कर्णे आणि ढोल सुरू झाले की लाकडी गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोचतच नसे. विजेची गिटार अजून जन्मायची होती. टेक्ससकडचा जॉर्ज बीचम हा रंगमंचावरचा वादक याच दुखण्याने बेजार होता. तो लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपेराकडे गेला.

डोपेरा मूळचा आजच्या स्लोव्हाकियातला, 1908 साली घरच्यांबरोबर अमेरिकेत आलेला, हाताने वाद्यं घडवणारा कारागीर. त्याने आधी बीचमच्या सांगण्यावरून ग्रामोफोनसारखा कर्णा लावलेली गिटार करून दिली. ती काही जमली नाही. मग डोपेराने कर्णा सोडला आणि थरथरणाऱ्या पडद्याच्या मागे लागला. शेवटी तो पातळ ॲल्युमिनियमवर येऊन ठरला. सहा सहा इंचांचे तीन शंकू, त्यांना जोडणारी टी आकाराची पट्टी, आणि त्या पट्टीवरून जाणाऱ्या तारा. 1927 साली त्याने पेटंटचा अर्ज केला, आणि नॅशनल कंपनी उभी राहिली.

अंगासाठी पत्रा लागणार होता, आणि इथे माझ्या धंद्यातला माणूस येतो. ॲडॉल्फ रिकनबॅकर, स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये जन्मलेला, डाय आणि प्रेसचं काम करणारा. त्याचा कारखाना जवळच होता. नॅशनलच्या गिटारींची अंगं त्याच्याकडे दाबून निघू लागली. पहिल्या महागड्या गिटारी जर्मन सिल्व्हरच्या होत्या. आपल्याकडे आहेराच्या भांड्यांत येतो तोच धातू: तांबं, जस्त आणि निकेल, चांदी नावालासुद्धा नाही. पुढे एका शंकूच्या गिटारींसाठी पितळ आणि पोलाद आलं. लाकडी गिटारमध्ये वरची फळी नादते. इथे नादण्याचं मुख्य काम शंकूचं. अंगाने त्याला घट्ट धरून बसायचं, आणि पत्रा कुठला यावर आवाजाची धार कमीजास्त होते. पोलादाची धार सर्वांत कडक.

तीन शंकूंच्या गिटारची घडण महाग होती, म्हणून कंपनीला स्वस्त माल हवा होता. त्यातून एका शंकूची रचना पुढे आली. साडेनऊ इंचांचा एकच शंकू, पालथ्या वाटीसारखा बसवलेला, त्याच्या टोकावर लाकडाची छोटी चकती, आणि चकतीत रोवलेली लाकडी घोडी. तारांचा सगळा भार त्या घोडीतून थेट शंकूच्या टोकावर येतो. डोपेराच्या मनात तीन शंकूंची गिटारच सरस होती. त्यात एका शंकूच्या रचनेचं पेटंट बीचमच्या नावावर गेलं, ही कल्पना आपली असं डोपेराचं म्हणणं. भांडण विकोपाला गेलं, आणि 1929च्या सुरुवातीला तो कंपनीतून बाहेर पडला. भावांना घेऊन त्याने डोब्रो ही दुसरी कंपनी काढली. पुढे या दोन्ही कंपन्या पुन्हा एक झाल्या. तो कोर्टकचेऱ्यांचा इतिहास मला फारसा रंजक वाटत नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो दोन आवाजांमधला फरक. तीन शंकूंची गिटार तार छेडल्यावर सूर लांबवते, गोलाई देते. एका शंकूच्या गिटारमध्ये सूर एकदम उसळतो आणि लवकर विझतो. हवाईच्या लांबत जाणाऱ्या सुरावटीला हा दोष ठरतो. पण मिसिसिपीच्या डेल्टामधला माणूस एकटा वाजवत होता. कापसाच्या मळ्यांजवळच्या खोपटात शनिवारच्या रात्री लोक पायांनी फळ्या दणाणून सोडत, आणि ताल धरायलाही तोच, गायलाही तोच. अंगठ्याने खर्जाचा ठेका, करंगळीत काचेची किंवा धातूची नळी, आणि गाण्याची ओळ संपली की तिला उत्तर देणारी तार. सूर रेंगाळला असता तर पुढच्या ओळीच्या अंगावर आला असता. तो विझतो म्हणून गाणाऱ्याला जागा मिळते. डोपेराच्या कारागिरीबद्दल मला अतोनात आदर आहे, पण या एका बाबतीत मी बीचमच्या बाजूचा आहे.

तीन शंकूंची गिटार ब्लूजमध्ये वाजलीच नाही असं नाही. धातूच्या गिटारवर ब्लूज ध्वनिमुद्रित करणाऱ्या पहिल्या वादकांत टॅम्पा रेडचं नाव येतं. 1928 साली शिकागोत ‘इट्स टाइट लाइक दॅट’ मुद्रित करणाऱ्या या वादकाकडे सोन्याचं पाणी दिलेली तीन शंकूंची नॅशनल होती. त्याची एकेरी तारेवरची सरक फार सुबक, शहरी. त्याला ती गिटार शोभायची. पण नॉर्थ कॅरोलिनात डरमच्या तंबाखूच्या गोदामांबाहेर वाजवणारा ब्लाइंड बॉय फुलर घ्या, त्याच्या हातात ड्युओलियन होती. मिसिसिपीचा बुका व्हाइट पार्चमनच्या तुरुंगातून सुटून आला आणि 1940च्या मार्चमध्ये शिकागोत त्याने बारा गाणी मुद्रित केली. तो तारांवर जो हात मारतो, तो झेलायला पोलादच लागतं.

आपल्याकडे हे वाद्य आलं ते ब्लूजच्या वाटेने नाही, हवाईच्या वाटेने. ताउ मो हा सामोआत जन्मलेला वादक नॅशनलची तीन शंकूंची गिटार घेऊन कुटुंबासह आशियाभर फिरला आणि चाळीसच्या दशकात कोलकात्यात राहिला. हवाईयन गिटारची गोडी आपल्याकडे वाढवण्यात अशा फिरत्या वादकांचा हात होता. मुंबईत व्हॅन शिप्ले, कोलकात्यात सुनील गांगुली यांनी सिनेमाच्या चाली वाजवल्या त्या विजेच्या हवाईयन गिटारवर. माझ्या पिढीच्या कानाला त्यामुळे सरकता सूर परका नव्हता. पत्र्याचं अंग मात्र नवीन होतं.

विजेची गिटार आणली तीही याच मंडळींनी. नॅशनलमधून बाहेर पडावं लागलेला बीचम आणि त्याचा तो डायवाला रिकनबॅकर यांनी 1932 साली विजेची हवाईयन गिटार बाजारात आणली. आवाज मोठा करायला शंकूची गरज उरली नाही. नॅशनल 1936 साली शिकागोला गेली, मग युद्ध आलं, धातू तिकडे वळला, आणि पत्र्याच्या गिटारी बंद पडल्या. डेल्टाचा ब्लूज वादक सन हाउस याला बघत वाढलेला मडी वॉटर्स 1943 साली डेल्टा सोडून शिकागोला पोचला आणि थोड्याच वर्षांत विजेची गिटार वाजवू लागला.

पुढची वीस वर्षं पत्र्याच्या गिटारवरचे जुने वादक जगाच्या खिजगणतीत नव्हते. 1963 साली जॉन फेही आणि एड डेन्सन या दोन तरुणांनी बुका व्हाइटच्या ॲबरडीन गावावरच्या गाण्यावरून तर्क करून एक पत्र टाकलं. पत्त्यात त्याचं नाव, ‘जुना ब्लूज गायक’ एवढा खुलासा आणि मिसिसिपीतलं ॲबरडीनचं पोस्ट. ते पत्र फिरत फिरत मेम्फिसला त्याच्यापर्यंत पोचलं. पोस्टखात्याचं असं काम वाचलं की ऊर भरून येतो. पुढच्याच वर्षी सन हाउस न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला सापडला. त्याचा वाजवण्याचा हात सुटला होता. त्याची गाणी रेकॉर्डवरून बसवलेल्या ॲलन विल्सन या तरुणाने शेजारी बसून त्याचं वादन त्यालाच पुन्हा आठवून दिलं. त्यानंतरच्या चित्रफितींत त्याच्या हातात नॅशनल दिसते, आणि जुन्या नॅशनल धुंडाळणारे लोक तिथून वाढत गेले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात नॅशनल रेझो-फोनिक या नव्या कंपनीने त्या पुन्हा घडवायला घेतल्या.

जुनी ड्युओलियन आता हजारो डॉलरना जाते. भाचीने घेतली ती स्वस्तातली, त्याच रचनेची, नव्या बनावटीची पोलादी गिटार. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “मामा, ही बोलतच नाही, नुसती खणखणते.” झाकणाचे स्क्रू काढले आणि कारण दिसलं. शंकू प्रेसवर एका दणक्यात दाबलेला होता. तशा दाबकामात पत्रा फाटू नये म्हणून तो जाड घेतात, आणि जाड पत्रा जागचा हलत नाही. जुने चांगले शंकू लेथवर फिरवून, साच्यावर हत्याराने हळूहळू लोटत काढलेले असतात. त्याने पत्रा पातळ राहतो आणि कसदारही होतो. आम्ही तसा फिरवलेला शंकू मागवला.

बसवताना कळलं की या गिटारमध्ये शंकू कशानेच बांधलेला नसतो. तो आतल्या गोल कठड्यावर नुसता टेकतो आणि तारांच्या दाबाने जागेवर राहतो. म्हणून आधी कठडा बघायचा. आमच्या कठड्याला एका बाजूला सोल्डरचा बारीक थेंब होता, तो कानशीने काढला. शंकू काचेवर पालथा ठेवून त्याची कड सगळीकडे टेकते का ते पाहिलं. एवढ्यानेच निम्मी खणखण गेली. उरलेली शेपटीपट्टीची होती. ती झाकणाला घासत होती, मध्ये नमद्याचा तुकडा घातल्यावर थांबली.

घोडी मेपलची नवी केली. तिच्यावरून तारा मागे किती उतारावर जातात याला फार महत्त्व आहे. उतार कमी पडला तर शंकूवर भार येत नाही आणि तार फडफडते. जास्त झाला तर शंकू बसतो आणि कायमचा वाकतो. मान आणि तिचा आतला दांडा यांच्या बैठकीत पातळ लाकडाची चीप घालून हा उतार जमवला. घोडीवरच्या खोबणींना मात्र भाचीने मला हात लावू दिला नाही. तिची आई तंबोऱ्यावर शिकलेली, त्यामुळे जवारी काय असते हे तिला पक्कं माहीत. तंबोऱ्यात मुद्दाम जमवतात तो झंकार इथे नको असतो; तार खोबणीच्या पुढच्या कडेवरूनच स्वच्छ सुटली पाहिजे. तिने बारीक कानशीने एकेक खोबण उतरवली. मग सोळाच्या जाड तारा, सगळ्या थोड्या थोड्या करून एकसाथ ताणल्या, म्हणजे शंकूवर एका बाजूने भार येत नाही. तारा फळीपासून जरा उंच ठेवल्या, कारण नळी सरकवताना ती पडद्यांना लागता कामा नये. ती गिटार ओपन जीमध्ये लावते. ओपन डीमध्ये लावायची तर पहिल्या तीन तारांचे सूर बघून मगच, असं तिचं म्हणणं आहे. तिसऱ्या तारेची खोबण अजून किंचित खोल आहे. मेपलची दुसरी पट्टी कापून ठेवली आहे, तारा बदलायच्या वेळी ती बसवू.